जमीन दिली, अट राखली

सातबाऱ्याचा उतारा ज्याने कधी बारकाईने वाचला आहे, त्याला ‘भोगवटादार वर्ग-2’ हे शब्द ओळखीचे असतात. गावात शाळेच्या मैदानासाठी सरकारने जमीन दिलेली असते. उताऱ्यावर नाव संस्थेचे, कुंपण संस्थेने घातलेले, पावसाळ्यानंतर गवत काढायचा खर्चही संस्थेचाच. पण रस्त्याकडेची दोन गुंठे जागा गाळ्यांसाठी विकावी असे कुणाच्या मनात आले, की तलाठी उताऱ्यावरच्या त्या शब्दांवर बोट ठेवतो. जमीन मैदानासाठी दिली आहे. दुसऱ्या कामाला लावलीत तर शर्तभंग होईल आणि ती सरकारजमा होईल. मग ही जमीन नेमकी कुणाची? कसणाऱ्याची, सांभाळणाऱ्याची, की अट घालणाऱ्याची?

हाच प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर आणि फार देखण्या जमिनींबाबत उभा राहिला. तिथे वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने आपल्या ताब्यातली निसर्गस्थळे, उद्याने, कधी जुन्या लष्करी छावण्यासुद्धा राज्यांना दिल्या. पैसे न घेता दिल्या, पण लोकांच्या वापरासाठीच ठेवायच्या या अटीवर. त्यातली दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहिली की हे हस्तांतर कसे चालते ते उमगत जाते. कॅलिफोर्नियातली योसेमिटीची दरी 1864 मध्ये राज्याकडे गेली आणि 1906 मध्ये परत केंद्राकडे आली. मिशिगनमधले मॅकिनॅक बेट 1895 मध्ये राज्याकडे गेले आणि आजही तिथेच आहे. अटी जवळपास सारख्याच होत्या, तरी एक परत आले आणि दुसरे नांदले. असे का झाले, ते पाहू.

युद्धाच्या धामधुमीत दिलेली दरी

1864 सालचा जून महिना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. अशा वेळी, 30 जूनला, अब्राहम लिंकन यांनी एका छोट्याशा कायद्यावर सही केली. योसेमिटीची दरी आणि मॅरिपोसा इथली महावृक्षांची राई या दोन जागा कॅलिफोर्निया राज्याला देण्यात आल्या.

या सहीमागची हालचाल काही महिने आधी सुरू झाली होती. एका आगबोट कंपनीचे प्रतिनिधी इझ्रायल वॉर्ड रेमंड यांनी कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांना पत्र लिहिले. सोबत कार्लटन वॉटकिन्स यांनी काढलेली दरीची भव्य छायाचित्रे जोडली. दरी लोकांसाठी राखा, आणि ती कधीही कुणाला विकता येणार नाही अशी तजवीज करा, असे मागणे होते. प्रवासी वाढले तर आगबोटींचाही फायदा होता, पण मागणे योग्यच होते. कॉनेस यांनी सिनेटमध्ये सांगितले की ही जमीन दुसऱ्या कुठल्याही उपयोगाची नाही आणि तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून एक डॉलरही मागितलेला नाही. महावृक्षाची साल लंडनला प्रदर्शनात नेली तेव्हा एवढे मोठे झाड असेल यावर तिथल्या लोकांचा विश्वास बसला नव्हता, ही गोष्टही त्यांनी सभागृहाला ऐकवली.

पण जागा राखायचीच होती तर केंद्राने ती स्वतःकडेच का ठेवली नाही? कारण सांभाळणार कोण, याचे उत्तर वॉशिंग्टनकडे नव्हते. ‘राष्ट्रीय उद्यान’ ही कल्पना कायद्यात यायला अजून आठ वर्षे होती. उद्याने सांभाळणारे राष्ट्रीय उद्यान खाते तर 1916 मध्ये निघाले. कॅलिफोर्निया मात्र 1850 पासून राज्य होते. तिथे गव्हर्नर होता, विधिमंडळ होते. घरातली मौल्यवान वस्तू दूर राहणाऱ्या थोरल्याने जवळ राहणाऱ्या धाकट्याकडे सोपवावी, तसा हा व्यवहार झाला. 1872 मध्ये यलोस्टोन राखायची वेळ आली तेव्हा हा मार्गच बंद होता. तो मुलूख तेव्हा कुठल्याही राज्यात नव्हता. वायोमिंग, मोंटाना, आयडहो हे सगळे केंद्राच्या थेट अमलाखालचे प्रदेश होते. ज्याच्या हाती द्यायचे ते राज्यच नव्हते, म्हणून केंद्राने ते स्वतःकडे ठेवले आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले.

या दोन्ही सरकारांच्या आधीपासून दरीत माणसे राहत होती, हे इथे सांगायलाच हवे. अवानीची लोकांची ती भूमी. 1851 मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्यांना हुसकायला दरीत शिरली. तेरा वर्षांनी ‘लोकांच्या वापरासाठी’ असा शब्दप्रयोग कायद्यात आला, तेव्हा त्या ‘लोकां’मध्ये त्यांना कुणी धरले नव्हते. जमीन कुणी कुणाला दिली याची कागदपत्रे वाचताना ती मुळात कुणाकडून घेतली, हे पान बहुधा फाईलमध्ये नसते.

कागदावर नेमके काय होते?

योसेमिटीचा कायदा जेमतेम पानभराचा. पण पुढच्या दीडशे वर्षांच्या अशा हस्तांतरांचा साचा त्याने घालून दिला.

पहिली अट वापराची: जागा लोकांच्या वापरासाठी, विसाव्यासाठी आणि करमणुकीसाठीच ठेवायची. दुसरी अट काळाची: ती कायमची अविक्रेय. राज्य ती विकू शकत नाही, गहाण टाकू शकत नाही, कुणाला बक्षीस देऊ शकत नाही. तिसरी अट पैशाची: काही तुकडे दहा वर्षांपर्यंत भाड्याने देता येतील, पण त्याचे उत्पन्न जागेच्या रक्षणावर, सुधारणेवर किंवा तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच खर्चायचे. चौथी कारभाराची: गव्हर्नर आणि त्यांनी नेमलेले आठ जण मिळून व्यवस्था पाहतील, आणि या कामाचा मोबदला त्यांना मिळणार नाही.

आपल्याकडच्या देवस्थान इनामाशी याचे साम्य चटकन लक्षात येईल. इनामाची जमीन पुजारी किंवा वहिवाटदार कसतो. पिकातून दिवाबत्ती, पूजाअर्चा, उत्सव चालवतो. बांधावरचा दगड हलवायचाही अधिकार त्याचाच वाटतो. पण जमीन देवाची. पुजाऱ्याला ती विकता येत नाही. योसेमिटीत कॅलिफोर्निया राज्य हा असा वहिवाटदार होता आणि देवाच्या जागी होती जनता, त्या वेळची आणि अजून जन्माला न आलेलीही.

देणगीला दोन हात लागतात, हेही इथे दिसते. आपल्या कायद्यातही बक्षीसपत्र नुसते लिहून देऊन भागत नाही, घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. लिंकन यांची सही 1864 ची, पण कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने अटींसकट स्वीकाराचा ठराव केला तो 1866 मध्ये. त्यानंतरच गेलन क्लार्क दरीचे पहिले अधिकृत रक्षक झाले.

हचिंग्ज यांचे हॉटेल

अटीची पहिली कसोटी लगेच लागली. जेम्स हचिंग्ज हे योसेमिटीची कीर्ती पसरवणारे पत्रकार. कायदा झाला त्याच वर्षी त्यांनी दरीतले एक हॉटेल विकत घेतले होते. सरकारी पडीक जमिनीवर वस्ती करायची, ती सुधारायची आणि मग ठरलेली किंमत भरून नावावर करून घ्यायची, अशी तेव्हाची पद्धत होती. त्यांनाही 160 एकर हवे होते. हॉटेल चांगले चालले होते. लाकूड कापायला त्यांनी पाण्यावर चालणारी गिरणी बसवली आणि तिच्यावर कामाला ठेवलेला तरुण होता जॉन म्यूर, पुढे ज्याने अमेरिकेला रानाकडे पाहायला शिकवले तोच.

राज्याचे विधिमंडळ विरघळले. 1868 मध्ये त्याने हचिंग्ज आणि त्यांचे शेजारी जेम्स लॅमन यांना प्रत्येकी 160 एकर देण्याचा कायदा केला. पण त्यात एक वाक्य घालावे लागले: वॉशिंग्टनच्या काँग्रेसने मान्यता दिली तरच. ती मान्यता मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1872 मध्ये निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारी जमिनीवर नुसते राहायला गेल्याने आणि पुढे ती विकत घ्यायची इच्छा असल्याने हक्क तयार होत नाही. पैसे भरून पट्टा मिळेपर्यंत सरकार ती जमीन दुसऱ्या कामासाठी देऊ शकते. आणि अविक्रेयतेची अट घालून जमीन दिली असेल, तर ती अट राज्याला एकट्याने मोडता येत नाही.

हा निकाल फार मोलाचा आहे असे मला वाटते. हचिंग्ज दुष्ट नव्हते. त्यांचे दरीवर प्रेम होते, त्यांनी कष्ट केले होते, आणि राज्याची त्यांना सहानुभूती होती. अटीची खरी परीक्षा अशाच माणसासमोर होते. लबाडाला नाही म्हणणे सोपे असते. सज्जन, कष्टाळू आणि गावाला आवडणाऱ्या माणसाला नाही म्हणता यावे म्हणून अट कागदावर लिहून ठेवायची. राज्याने 1874 मध्ये दरीतल्या रहिवाशांच्या भरपाईसाठी मिळून 60,000 डॉलर मंजूर केले, त्यात हचिंग्ज यांचा वाटा 24,000 डॉलरचा होता. आणि 1880 मध्ये राज्याने याच हचिंग्ज यांना दरीचे रक्षक नेमले.

दरी राज्याची, पाणी वरचे

एवढे सगळे नीट होते, तर दरी परत का गेली?

नकाशा समोर घ्या. कायद्याने दिलेली जागा म्हणजे दरीचा तळ आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांच्या काठापासून मागे सुमारे एक मैलाची पट्टी. म्हणजे आपण एखादी विहीर दान केली, तिच्या काठची पाच हात जागाही दिली, पण ज्या माळावरून तिला पाझर येतो तो माळ मोकळाच ठेवला. योसेमिटीचे धबधबे ज्या पाण्याचे बनतात, ते वर उंचावरच्या कुरणांत आणि बर्फात मुरलेले पाणी. त्या कुरणांवर दर उन्हाळ्यात मेंढ्यांचे प्रचंड कळप चढत. मुळासकट गवत खाल्ले की माती सुटते. सुटलेली माती पाणी धरून ठेवत नाही. मग वसंतात पाणी एकदम येते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस झरे आटतात. म्यूर यांनी हे स्वतः मेंढपाळांबरोबर फिरताना डोळ्यांनी पाहिले होते. दरीच्या हद्दीत बसलेल्या राज्याच्या रक्षकाला त्या कुरणांवर काडीचाही अधिकार नव्हता.

दरीच्या आतही सगळे आलबेल नव्हते. पाहुणे घोड्यांवरून आणि घोडागाड्यांतून येत. घोड्यांना चारा लागतो. डोंगर उतरून चारा आणणे महाग, म्हणून दरीतलीच कुरणे नांगरली गेली, त्यांना तारेची कुंपणे पडली आणि रानफुलांच्या जागी वैरणीचे गवत उभे राहिले. ‘लोकांच्या वापरासाठी’ ही अट कागदावर मोडली नव्हती, कारण चारा लोकांच्याच घोड्यांसाठी होता. पण दरी दरीसारखी राहिली नव्हती.

हा धोका एका माणसाने फार आधी ओळखला होता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे योसेमिटीच्या पहिल्या मंडळावर होते. 1865 च्या ऑगस्टमध्ये दरीतच त्यांनी सहकाऱ्यांना एक अहवाल वाचून दाखवला. सुंदर जागांचा आनंद श्रीमंतांपुरता राहू नये, तो सर्वांना मिळेल हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात होते. आणि आज शेकडो लोक येतात, पुढे लाखो येतील, तेव्हा एकाच्या पावलाने होणारे छोटे नुकसान लाखाने गुणून पाहा, असा इशाराही होता. दरीच्या व्यवस्थेसाठी त्यांनी 37,000 डॉलर मागितले. मंडळातल्या काहींना ही मागणी पुढे जाणे नको होते. अहवाल विधिमंडळापर्यंत पोहोचलाच नाही. तो पुन्हा सापडून छापला गेला 1952 मध्ये.

1890 च्या 1 ऑक्टोबरला दरीच्या सभोवारचा डोंगराळ मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला आणि पुढच्या वर्षीपासून केंद्राचे घोडदळ त्यावर पहारा देऊ लागले. आता चित्र विचित्र झाले. आत राज्याची दरी, भोवती केंद्राचे उद्यान. एकाच घराचे माजघर एका भावाचे आणि ओसरी, परसदार, विहीर दुसऱ्याची. वणवा लागला तर कुणी विझवायचा, रस्ता कुणी नीट करायचा, यावर दोघांनी एकमेकांकडे पाहायचे. 1903 च्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट म्यूर यांच्यासोबत तीन रात्री रानात राहिले, तेव्हा म्यूर यांनी हाच मुद्दा त्यांच्या कानावर घातला.

परत येण्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. केंद्राने अट मोडल्याचा ठपका ठेवून दरी हिसकावली नाही. 1905 मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ती आपण होऊन परत दिली आणि 11 जून 1906 रोजी काँग्रेसचा स्वीकाराचा ठराव अमलात आला. जाताना जसे दोन हात लागले, तसेच येतानाही लागले.

परतीची अट: दोन जातींच्या दोऱ्या

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने केंद्राच्या जमिनीबद्दलचे सगळे अधिकार काँग्रेसला दिले आहेत. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानाची जमीन राज्याला द्यायची तर एखाद्या सचिवाच्या किंवा अध्यक्षाच्या मनात येऊन चालत नाही. काँग्रेसचा कायदा लागतो. पुढच्या काळातल्या अशा कायद्यांत योसेमिटीच्या अटींना आणखी एक स्पष्ट वाक्य जोडले गेले: उद्यान म्हणून वापर थांबला, तर जमीन केंद्राकडे परत जाईल.

ही परतीची अट म्हणजे पतंगाच्या दोरीसारखी आहे. पतंग दुसऱ्याच्या अंगणावर उडतो आहे, पण दोरी आपल्या हाती. या दोरीच्या दोन जाती असतात आणि वकिलांचे बरेचसे भांडण त्यांच्यातल्या फरकावरून होते. पहिल्या जातीत वापर बदलला त्या क्षणी मालकी आपोआप मूळ मालकाकडे जाते. कुणी काही करावे लागत नाही. दुसऱ्या जातीत अट मोडली तरी जमीन राज्याकडेच राहते, जोवर देणारा पुढे येऊन ‘मी परत घेतो’ असे म्हणत नाही तोवर. आपल्याकडे शर्तभंग झाला तरी चौकशी, नोटीस आणि आदेश झाल्याशिवाय उताऱ्यावरचे नाव बदलत नाही, तसे. म्हणजे दुसऱ्या जातीची अट पाळली जाते की नाही, ते देणाऱ्याच्या सावधपणावर ठरते. तो झोपला तर अटही झोपते.

आणखी एक अडचण या अटीच्या कडकपणातच आहे. शंभर एकरांच्या उद्यानातल्या अर्ध्या एकरावर पाण्याची टाकी बांधली म्हणून शंभर एकर परत घ्यायचे, हे कुणाच्याच हाताने होत नाही. शिक्षा फार मोठी असली की ती दिलीच जात नाही. म्हणून पुढे एक मधला मार्ग निघाला. 1965 पासून अमलात असलेल्या जमीन आणि जलसंधारण निधीच्या कायद्यात, केंद्राच्या पैशातून झालेल्या स्थानिक उद्यानाचा तुकडा दुसऱ्या कामाला हवा असेल, तर त्याच मोलाची आणि तेवढ्याच उपयोगाची दुसरी जागा उद्यानात आणून घाला, अशी अट आहे. अट वाकते, पण लोकांची जागा कमी होत नाही.

चौकट: हस्तांतराचा कागद हाती आला तर काय पाहावे

• वापर कोणत्या शब्दांत बांधला आहे? ‘सार्वजनिक उपयोग’ हा शब्द सैल आहे, त्यात वाहनतळही बसतो. ‘उद्यान आणि त्याखेरीज काहीही नाही’ हा शब्द घट्ट आहे.
• परतीची अट आपोआप लागू होते, की देणाऱ्याने मागावी लागते?
• हद्द कुठे आहे? पाणी, माती आणि वणवा ज्या बाजूने येतात, ती बाजू आत आहे की बाहेर?
• भाड्याचे, तिकिटाचे उत्पन्न त्याच जागेवर खर्चायची सक्ती आहे का?
• देखभालीचा पैसा जमिनीबरोबर आला आहे का?

थकलेल्या शेतांपासून झालेली उद्याने

अशा हस्तांतराचा सर्वांत मोठा प्रयोग विसाव्या शतकात झाला आणि तो आज बहुतेकांना ठाऊक नाही. 1930 च्या दशकात मंदीचे दिवस होते. नांगरून नांगरून कस गेलेली, उदरनिर्वाहही न होणारी शेते केंद्राने विकत घेतली. बेकार तरुणांच्या हाताला काम देऊन तिथे झाडे लावली, पायवाटा काढल्या, शहरातल्या मुलांच्या सहलींसाठी लाकडी झोपड्या बांधल्या. 24 राज्यांत अशी 46 क्षेत्रे तयार झाली, सगळी मिळून सुमारे 4 लाख एकर. हेतू पहिल्यापासूनच हा होता की बांधकाम केंद्राने करायचे आणि संसार राज्याने. 1942 च्या कायद्याने वाट मोकळी केली. अट होती की जागा उद्यान, करमणूक आणि संवर्धन यांसाठीच वापरायची, नाही तर ती परत. मेनमधले कॅमडन हिल्स, मिनेसोटातले सेंट क्रॉय, टेनेसीतले फॉल क्रीक फॉल्स ही आजची राज्य उद्याने अशीच घडली.

मेरीलँडमधल्या कॅटॉक्टिन डोंगराची गोष्ट त्यातली सगळ्यांत बोलकी. तोही राज्याकडे जायचा होता. पण 1942 मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना राजधानीजवळ थंड, सुरक्षित जागा हवी होती आणि तिथल्याच एका शिबिराची निवड झाली. आज आपण बातम्यांत ज्याला कॅम्प डेव्हिड म्हणून ओळखतो, ते हेच. शेवटी डोंगराची वाटणी झाली. एका रस्त्याच्या उत्तरेचा भाग केंद्राने ठेवला, दक्षिणेचा 1954 मध्ये राज्याला दिला. तिथे आज कनिंगहॅम फॉल्स राज्य उद्यान आहे. रस्ता ओलांडणाऱ्या हरणाला त्यातले काही कळत नाही.

लष्करी जमिनींचेही असेच होते. छावणी बंद पडली आणि केंद्राला जमीन नकोशी झाली, की ती राज्याला किंवा गावाला उद्यानासाठी विनामोबदला देण्याची सोय कायद्यात आहे. राष्ट्रीय उद्यान खाते मध्ये उभे राहते, हस्तांतराच्या कागदात कायमच्या वापराची अट घालते आणि पुढेही ती पाळली जाते का यावर लक्ष ठेवते. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरावर फोर्ट ऑर्ड ही मोठी छावणी 1994 मध्ये बंद झाली. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या तिथे नेमबाजीच्या सरावाला पाठ म्हणून वापरल्या जात. दशकानुदशके शिशाच्या गोळ्या त्या वाळूत रुतत गेल्या होत्या. आधी शिसे काढून वाळू स्वच्छ करावी लागली. 2009 मध्ये फोर्ट ऑर्ड ड्यून्स हे राज्य उद्यान लोकांसाठी उघडले. दान घेताना आत काय पुरले आहे ते पाहून घ्यावे लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

अट लिहिलीच नसेल तर?

शिकागोजवळच्या मिशिगन सरोवराची हकीकत इथे उपयोगी पडते. 1869 मध्ये इलिनॉय राज्याने बंदराजवळचा हजार एकरांहून अधिक सरोवराचा तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांत चूक उमगली आणि कायदा मागे घेतला. कंपनी म्हणाली, दिलेले परत घेता येत नाही. 1892 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. असे पाणी राज्याच्या हाती मालक म्हणून नसते, जनतेचा विश्वस्त म्हणून असते, आणि विश्वस्ताला मूळ ठेवच देऊन टाकायचा अधिकार नसतो, असा त्याचा आशय.

याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1996 च्या डिसेंबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधल्या बियास नदीकाठच्या एका हॉटेलला दिलेला वनजमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. त्या निकालात शिकागोच्या खटल्याचा विस्ताराने आधार घेतला आहे, आणि सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. नदी, समुद्रकिनारा, वन यांच्या अनेक खटल्यांत आज ते उद्धृत होते. गावातले गायरान वाचवायला धडपडणाऱ्या माणसाच्या मनात जी भावना असते, की हे सरकारचे असले तरी सरकारला विकता येऊ नये, तिला कायद्यात दिलेले हे नाव आहे.

पैसा, आणि मॅकिनॅक

2025 च्या मे महिन्यात व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात राष्ट्रीय उद्यान खात्याच्या खर्चातून सुमारे 90 कोटी डॉलर कापायचे सुचवले गेले. खात्याकडे 400 हून अधिक जागा आहेत. त्यातल्या ज्या लहान आहेत आणि जिथे मुख्यतः जवळपासचेच लोक येतात, त्या राज्यांनी चालवाव्यात असे त्यात म्हटले होते. सूचना वाईट आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. जवळचा माणूस अनेकदा दूरच्यापेक्षा चांगले सांभाळतो. पण कपातीच्या पाठोपाठ हस्तांतर आले की मला ओल्मस्टेड यांचे 37,000 डॉलर आठवतात. जमिनीची मालकी सहीनिशी बदलते. छपराची गळती, पायवाटेवर पडलेले झाड आणि रक्षकाचा पगार सहीने मिटत नाहीत.

मॅकिनॅक टिकले ते याच पैशाच्या मुद्द्यावर. ह्युरॉन आणि मिशिगन या दोन सरोवरांच्या सामुद्रधुनीतले हे छोटे बेट. सायकलने भोवती फेरी मारली तर तेरा किलोमीटर. इंग्रजांनी बांधलेला किल्ला, चुनखडीचे कडे, दाट वनराई. बेटावरच जन्मलेले सिनेटर थॉमस फेरी यांच्या प्रयत्नाने 1875 मध्ये ते देशातले दुसरे राष्ट्रीय उद्यान झाले. वेगळे खाते नव्हतेच, म्हणून किल्ल्यातल्या सैनिकांनीच पायवाटा काढल्या आणि पहारा दिला. कायद्याने मात्र एक शहाणपण केले होते: उद्यानातले छोटे तुकडे उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्यायचे आणि ते भाडे उद्यानावरच लावायचे.

वीस वर्षांनी लष्कराला किल्ला नकोसा झाला. सैनिक गेले तर सांभाळणार कोण? उद्यान विकले जाईल या भीतीने सिनेटर जेम्स मॅकमिलन यांनी धडपड केली आणि 1895 च्या मार्चमध्ये काँग्रेसने ते मिशिगनला द्यायला मंजुरी दिली. राज्य उद्यान म्हणूनच वापरायचे, दुसऱ्या कशासाठीही नाही, आणि वापर थांबला तर केंद्राला परत. सप्टेंबरात सैनिकांनी बेट सोडले. मिशिगनने त्याच वर्षी या एका बेटापुरते स्वतंत्र मंडळ नेमले. ते राज्यातले पहिले राज्य उद्यान.

योसेमिटीत नव्हते ते इथे होते. हद्द पाण्याने आखलेली, त्यामुळे वरून येणारी दुसऱ्याची कुरणे नाहीत. भाडे देणारी घरे पहिल्या दिवसापासून सोबत आलेली. मंडळाचे लक्ष राज्यभर विखुरलेले नाही, एकाच बेटावर. 1898 मध्ये गावाने मोटारींना बंदी केली, पाठोपाठ उद्यानानेही, आणि आजही तिथे घोडागाडी आणि सायकलच चालते. 1958 मध्ये मंडळाने रोखे विकून किल्ल्याची डागडुजी केली आणि पाहुण्यांच्या तिकिटांतून ते पैसे फेडत नेले.

आज बेटाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग राज्य उद्यान आहे. कड्यावरच्या लाकडी बंगल्यांची जमीन अजूनही भाडेपट्ट्याची आहे. घर विकता येते, खालची माती नाही. 1895 ची परतीची अट जशीच्या तशी आहे, आणि वॉशिंग्टनला ती वापरावी लागलेली नाही.